दोन तारांवरची दोन बोटं

भागरता, तुया पोरगा आज दुपारी येऊन गेला. प्रकाश. आत ये म्हनलं तं आला नाई, पायरीवरच बसला. म्हने, "मावशी, उद्या विहारात आईचं पुण्यानुमोदन आहे. तू दोन शब्द बोल." मीनं म्हनलं, बाबा, मले कायले बोलाले लावतं? मास्तर येतीन, युनियनवाले येतीन, ते बोलतीन. तं म्हने, "ते आईचा जलम कई झाला अन् नोकरी किती वर्सं केली ते सांगतीन. ते आमाले माहीतच आहे. जे आमाले माहीत नाई ते तू सांग."

त्यानं सहज म्हनलं. पन माया हातातलं सूप थांबलं. काहून का तसं एक आहे, अन् ते फक्त तुले अन् मले माहीत होतं. आता फक्त मले.

म्हनून हे लिहून रायली. उभी झाली का शब्द तोंडातल्या तोंडात रायतत. कागद हातात असला तं बरं. तू असती तं म्हनली असती, "जमना, तुयी प्रौढशिक्षनाची पाटी अजून फुटली नाई वाटते." नाई फुटली. चूप बस अन् आयक.

मी दिघोरीची, धानाच्या बांधीत रोवना करता करता मोठी झालेली. तू कोंढ्याची. दोघी लगन होऊन तुमसरच्या पलीकडं या मँगनीजच्या खदानीत आलो. खालून निंगालेला काळा गोटा ढिगारावर येये, अन् आमी बाया तो हातोडीनं फोडत होतो, चांगला एकीकडं अन् माती एकीकडं निवडत होतो. संध्याकाळी घरी गेलं का पोट्टे आपल्या मायले हातावून नाई, आवाजावून ओळखत. हात सारायचे सारखेच काळे.

अन् पयल्या वर्षाची गोठ आधी लिहून टाकते, नाई तं पुढचं लिहवनार नाई. पयलं वर्षभर मीनं तुया हातचं पानी घेतलं नाई. तू विहारातली, मी मारोतीच्या पारावरची. सासूनं सांगून धाडलं होतं. तुयं मडकं दोन हातावर असे, अन् मी उन्हात ढिगार उतरून नळापर्यंत जाये. काहून जाते म्हनून तुनं कधी विचारलं नाई. मंग एक दिवस मी चक्कर येऊन पडली. तुनंच तोंडावर पानी मारलं, अन् गडवा पुढं धरून उभी झाली. "तोंडावर तं पडलंच आहे, आता आत बी जाऊ दे," म्हने. मी पेली. पूरा गडवा पेली. माफी मांगाची होती, मांगली नाई. आज मांगते. तुले हसू येईन, येऊ दे.

आमाले पितळेचे बिल्ले होते, पेढ्याएवढे. त्यावर नंबर. बायांचे एकपासून अडसष्टपर्यंत. पुरुष मानसायचे एकशे एकपासून पुढं. तू जुनी, म्हनून तुया नऊ. माया एक्केचाळीस. सकाळी येतानी बिल्ला मुकादमाच्या डब्यात टाकाचा, मुकादम डोकी मोजे अन् बिल्ले मोजे, जुळले का हाजरी लागली. खाली उतरनाऱ्या पुरुषायले दोन दोन बिल्ले. एक जातानी खिडकीत द्याचा, एक वर आल्यावर. खिडकीतला बुढा दोन तारा ठेवे. एका तारेवर गेलेले, दुसरीवर आलेले, नंबरानं ओवून.

आनीबानी उठली त्या सालची गोठ. पाळी सुटली, सारे वर आले, माया मालक, माया पोरींचा बाप, आला नाई. मी खिडकीशी गेली, तू मायासंगं. बुढा म्हने, "दोन्ही तारा मोजल्या. बराबर आहेत. जेवढे गेले तेवढे आले."

"मंग हा कुठी गेला?" मीनं म्हनलं.

"मले काय विचारतं? दारूच्या भट्टीवर पाह्य जाऊन."

मी रडाले लागली. तू रडनारी नोहेस. तुनं खिडकीतून हात घातला अन् दोन्ही तारा भायेर ओढल्या. बुढा बोंबलला, "ए बाई, ठेव ते, सरकारी आहे!" तू खाली मातीत बसली, तारा पायाच्या आंगठ्यात अडकवून ताठ केल्या. डाव्या हाताचं बोट एका तारेवर, उजव्याचं दुसरीवर. दोन्हीकडं सारखा नंबर आला का दोन्ही बोटं पुढं. एकीकडं लहान नंबर आला का तेच बोट पुढं न्याचं, दुसरं थांबून. सरसर सरसर. जशी पोरगी वेणी घालते तसं. मंग डावं बोट थांबलं.

"दोनशे सतरा गेला. आला नाई," तुनं म्हनलं. उजवं बोट अजून पुढं गेलं, थांबलं. "अन् हा तीनशे पाच आला, पन आज गेलाच नाई. हा कालचा अडकून रायला तारेवर. म्हनून तुयी मोजनी बराबर आली, बुढ्या. एक जास्त अन् एक कमी."

दोनशे सतरा माया मालकाचा बिल्ला.

चौघं कंदील घेऊन खाली गेले. जुन्या बोळीत पाय पिळवटून बसला होता, आवाज देऊन देऊन घसा बसला होता त्याचा. खाटेवर घालून वर आनला तेवा तू त्याले म्हनली, "भाऊजी, तुमी भट्टीवर होते म्हने?" अन् तो दुखन्यात बी हसला. रस्त्यानं मीनं तुले विचारलं, हे तुले कोनं शिकवलं. तू म्हनली, "वेणी घालाले कोन शिकवते व?"

मंग त्या प्रौढशिक्षनाचं भांडन. शाळेत संध्याकाळी पाच वाजता वर्ग लागे. मी गेली, तुले बी ओढून नेलं. तू दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी म्हनली, "मले अक्षर नाई पायजे. मले आकडे येतत, इंग्रजीतले बी. बिल्ल्यावरचे, घड्याळातले, बसवरचे. अक्षर तू शीक. दोघी मिळून एक शिकलेली बाई होतो."

"अन् मी मेली तं?" मीनं म्हनलं.

"तं मी अर्धी शिकलेली रायीन. तू काय मले सोडून मरतं!"

किती वर्सं हे भांडन चाललं आपलं. मी म्हनो, सही तरी शीक. तू म्हने, आंगठा काळाच आहे, शाई बी लागत नाई. आता भांडन तसंच अर्धं रायलं, अन् अर्धी शिकलेली मी रायली. हे तुनं बराबर नाई केलं.

आमी साऱ्या बाया कच्च्या होतो, लय पुरुष बी. कच्ची म्हंजे मुकादम म्हने उद्या येऊ नको, तं उद्या नाई. पक्की झालं का कॉलनीत खोली, दवाखाना, अन् कोनी काढू शकत नाई. माया मालकाचा तेवा दम भराले लागला होता. छातीत खदानीची धूळ बसली होती. दोन पावलं चालला का भिंत धरे. तो कच्चाच रायला अन् काम सुटलं, दवाखाना तं पायजेच होता. म्हनून मले पक्की होनं म्हंजे त्याचा श्वास होता, दुसरं काई नाई. तुले माहीत होतं ते.

तारेच्या गोठीनंतर दहा-अकरा वर्सांनी सायबानं सांगतलं का ज्या बाईचे वर्षाचे ठरलेले दिवस भरतीन ती पक्की, पुरुषायले बी तेच. एक दिवस कमी पडला तरी नाई. आमी साऱ्याजनी ताप आला तरी ढिगारावर. अन् त्याच वर्षी दिवाळीच्या मांगं मले कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. अकरा दिवस उठता आलं नाई. मीनं मनात पक्कं धरलं का आता आपलं गेलं. बाराव्या दिवशी भिंत धरत धरत ढिगारावर आली. तू हातोडी खाली ठेवून म्हनली, "तुयी हाजरी लागली आहे, बस सावलीत."

"कशी लागली?"

"मुकादम समजदार निंगाला. त्याले बी माय आहे."

मीनं मुकादमाले लांबूनच हात जोडले. तो चक्रावला अन् दुसरीकडं पाहाले लागला. मले वाटलं लाजला.

वर्ष सरलं, अन् आफिसात मशीन आलं. कॉम्प्युटर. बिल्लेघराच्या मांगच्या खोलीत, गारेगार हवा सोडनाऱ्या डब्यासंगं. चपला भायेर काढाले लावत. तू दारातून वाकून पाहलं अन् म्हनली, "देव बसवला का काय आतमंदी?" अन् पुजारी आपला ढोमने बाबू. महिनाभर नागपूरले शिकून आला होता. काळ्या काचेवर हिरवे अक्षर उमटत, बाबू वहीत पाहून पाहून एक ओळ बडवे, मंग कपाळाले हात लावे, अन् मंग मोठ्ठं बटन दाबे.

पयले पुरुषायची यादी निंगाली. एक नाव चुकलं नाई. गुलाल उडाला. मंग बायांची यादी भिंतीवर लागली. अडसष्ट बायांची यादी, नंबर, नाव अन् वर्षाचे दिवस, अन् त्यात नावं नऊ.

एक ते नऊ. फक्त.

तू त्या कागदासमोर उभी होती. तुया नऊ नंबर त्यात होता. मांगं एकोनसाठ बाया उभ्या. दहा नंबरची बाई खालीच बसली. मीनं तं मालकाचा चेहरा पाहला डोळ्यापुढं. तू बराच वेळ कागद पाहत रायली, मंग वळली अन् सरळ बाबूच्या दारात.

"काय गा बाबू, आमी काय हवेत काम केलं का?"

बाबू म्हने, "मशीन खोटं बोलत नाही बाई. पुरुषांचं याच मशीननं केलं. तुमचाच रेकॉर्ड कच्चा असन."

"ते मशीन करते काय, ते सांग मले."

"तुले काय समजनार?"

"नाई समजलं तं परत विचारीन. मले घाई नाई, अन् मी काई जागची हलत नाई."

बाबूले हासू आलं. तो मानूस वाईट नोहता. त्यानं सांगतलं, दोन याद्या आहेत. एकीत नंबर अन् नाव. दुसरीत नंबर अन् दिवस. मशीन दोन्हीतला नंबर पाहते, सारखा आला का दोन्ही ओळींची एक ओळ करते. नंबर, नाव, दिवस. जॉईन म्हनतत त्याले.

"अन् नाई जुळला तं?"

"सोडून देते."

"चुपचाप?"

"चुपचाप."

"बाप्पा! हा तं आपल्या बुढ्यावून बेकार. तो निदान बोंबले तरी."

दारातल्या बाया हासल्या. पन तू हासली नाई. तुनं विचारलं, "मशीन पाहते कसं? एका नंबरासाठी सारी यादी पालथी घालते का खाली खालीच जाते?"

बाबू म्हने, "दोन्ही यादीवर बोट ठेवल्यासारखं खाली खाली जाते. लहान नंबर असन ते बोट पुढं नेते. मांगं वळून पाहत नाही. म्हनून दोन्ही याद्या आधी रांगेत लावा लागतत."

तुनं मायाकडं पाहलं. मी तुयाकडं. तो बाबू काय सांगून रायला ते साऱ्या खदानीत आपल्या दोघीले जेवढं समजलं तेवढं कोनाले नाई.

"दोन्ही याद्या छापून दे," तुनं म्हनलं.

"साहेबाची परवानगी..."

"दे गा. कागदाच्या दोन्ही काठाले छेदच छेद आहेत, कोनी चोरत नाई."

व्हरांड्यात लांबच्या लांब कागद आथरले, कोपऱ्यावर चार गोटे ठेवले. नावं इंग्रजीत छापलेली. मीनं पाहलं अन् तोंड उतरलं. सहा महिने पाटी घासली ते अक्षर हे नोहतंच. तू म्हनली, "पाह्य, तुये अक्षर इथं चालत नाई, माये आकडे चालतत." त्या घडीले बी टोमना मारल्याशिवाय रायली नाईस. मंग दोन्ही बोटं ठेवली.

"डाव्यात एक. उजव्यात एक. जुळला." दोन्ही बोटं खाली. "डाव्यात दहा. उजव्यात दोन."

बोटं थांबली. तुनं डाव्या कागदावून नुसती नजर खाली नेली. एक, दहा, अकरा, बारा, एकोनीसपर्यंत, अन् मंग दोन. मंग वीस, एकवीस. मंग तीन. उजव्यात आपलं साधं, एक, दोन, तीन, चार.

"बाबू, ही तार कोनं ओवली?"

"मशीननं. नावाची यादी मीनं सॉर्ट केली, म्हंजे मशीनकून रांगेत लावून घेतली. दिवसाची यादी मीनं हजेरीपटावून हातानं भरली, ती रांगेतच होती."

"तुया मशीनची रांग येगळी अन् तुयी येगळी. ते पयला आकडा पाहून ओवते, दहाले दोनापेक्षा लहान धरते अन् सोडून पुढं जाते. तू मोजून ओवतं. दोन तारा दोन तऱ्हेनं ओवल्या, तं बोटं जुळतीन कशी?"

बाबू म्हने, "तसं असतं तं पुरुषांचं कसं जुळलं?"

तुनं तंबाखूची डबी काढली, चुना लावला, मळला, तोंडात टाकला. आमी साऱ्या तुया जबड्याकडं पाहत होतो. मंग तू म्हनली, "त्यायचे सारे नंबर तीन आकडी. एकशे एकपासून. ते कसेबी ओवा, एकाच रांगेत येतत. आमच्यात एक आकडी बी आहेत, दोन आकडी बी. म्हनून एक आकडी तेवढ्या जुळल्या, अन् दोन आकडी साऱ्या गळल्या. आमचा रेकॉर्ड कच्चा नाई, बाबू. तुयी ओवनी कच्ची आहे."

बाबूनं चष्मा काढला. पुसला. परत घातला. कागदाकडं पाहलं. मंग आत गेला, अन् जातानी चपला काढाच्या इसरला.

आमी खिडकीला लागून उभ्या. त्यानं एक ओळ बडवली, दाबलं. दुसरी यादी बी मशीनकूनच रांगेत लावली, पयलीसारखीच. मंग तिसरी ओळ, जॉईनची. या वेळी कपाळाले हात लावला नाई, खिडकीतून तुयाकडं पाहलं. तू मान हालवली. त्यानं दाबलं.

काच हिरव्या ओळींनी भरली. भरली, अन् वर सरकाले लागली, सरकतच रायली.

छापलेला कागद त्यानं तुया हातात देला. मायापाशी युनियनच्या वहीत मराठीत साऱ्यायचे नंबर अन् नावं होती. तू आकडा वाचे, मी वहीत पाहून नाव सांगो, अन् मैदानातून ती बाई म्हने, "हाव!"

"दहा." "सुभद्रा." "हाव!" "अकरा." "पारबता." "हाव!" दहा नंबरची बाई हाव म्हनतानी उड्या मारत होती, पन्नास वर्साची बाई. एक्केचाळीसले तू थांबली, मायाकडं पाहलं अन् म्हनली, "वाच ना, का सोताचं नाव बी येत नाई?" मीनं वाचलं. जमना. हाव बी मीच म्हनलं. माया आवाज मलेच ओळखू आला नाई.

मशीनच्या ओवनीत नऊ सगळ्यात शेवटी येते. अडसष्टावी ओळ तुयी. तुनं म्हनलं, "नऊ." मीनं म्हनलं, "भागरता." अन् साऱ्या बाया एकदम ओरडल्या, हाव. झाडावरचे बगळे उडाले. मुकादम धावत आला का काय झालं म्हनून. तसा आवाज त्या खदानीत बारूद उडतानी बी झाला नसन.

पन ती यादी फक्त नंबर जुळल्याची होती. पक्क्या होनाऱ्यायची दुसऱ्या दिवशी लागली. अडसष्टातल्या चौसष्ट पक्क्या. चौघींचे दिवस कमी. तीन पोरी वर्षाच्या मधातच लागलेल्या. चवथी नऊ नंबर.

मी बाबूपाशी भांडाले गेली. तुयं मशीन परत चुकलं म्हनलं. बाबूनं हजेरीपट काढून दाखवला. दिवाळीच्या मांगं, भागरता, गैरहाजर. "अकरा दिवस कमी," म्हने.

अकरा. मले उभ्या उभ्या समजलं. मुकादम डोकी मोजे अन् बिल्ले मोजे. एक बाई एकच बिल्ला टाकू शके. तू अकरा दिवस डब्यात माया बिल्ला टाकला, अन् आपला कमरेले खोचून गोटे फोडत रायली. यंत्र नंबराले नंबर जोडते, भागरता. हात कोनाचे होते ते त्याले दिसत नाई.

अन् त्याच्यावूनही एक गोठ मले घरी येऊन समजली, चूल फुंकतानी. तुले आकडे येत होते. म्हंजे नऊ नावांचा तो पयला कागद भिंतीवर लागला, तेवाच तुनं आपल्या ओळीतले दिवस वाचले होते. आपलं होनार नाई हे माहीत असून तू वळली अन् बाबूच्या दारात गेली. बाकीच्यायसाठी.

मी तुया घरी आली ते आठवते? तू भाकर थापत होती. मीनं म्हनलं, "मी सायबाले जाऊन सांगते. ते अकरा दिवस तुये आहेत."

"जा, सांग. मंग तुयं नाव कटते, बिल्ला बदलला म्हनून मायं कटते, अन् चौसष्टच्या चौसष्ट जनींची यादी वापस तपासाले जाते. जा."

"पन हे बराबर नाई."

"भाऊजीच्या छातीत हवा जाऊन रायली ना? मंग झालं बराबर. बस, भाकर खा."

"तुले काहून करावं वाटलं व?"

तू भाकर उलथली. म्हनली, "बिल्ला माया हातात होता. मी टाकला. तुले काय कराचं आहे?"

एवढंच. त्याच्यावर पुढं कितीदा भांडलो, तू याच्यापलीकडं एक शब्द बोलली नाईस. माया मालक त्याच्यानंतर दवाखान्याच्या गोळ्यावर लय वर्सं जगला, दोन्ही पोरींच्या लगनात पंगतीले बसला. तो बी न समजताच गेला.

पन तुयी गोठ तिथं संपली नाई, म्हनून तं मी हे रडत नाई, लिहून रायली. बाबूनं साऱ्या बायांचे बिल्ले नवे करवले, तीन आकडी, म्हंजे परत गळती नको. तुया बिल्ला आला शून्य शून्य नऊ. तू म्हनली, "आता पुढं दोन भोपळे देले, शिजवून खाऊ." अन् त्या वर्षी तू एक दिवस खाडा केला नाई. बुढा रिटायर झाला होता, बिल्लेघराची खिडकी खाली होती. बाबूनंच सायबाले सांगतलं का मशीनची चूक जिनं बोटानं पकडली ती बाई तिथं पायजे. तोपर्यंत त्या खिडकीत बाई बसली नोहती, सायबानं तुले बसवलं.

वर्ष सरल्यावर बाबूनं दोघीले आत बोलावलं. या वेळी चपला काढा म्हनला नाई, आपनच काढल्या. त्यानं फक्त तुया नंबरासाठी जॉईनची ओळ बडवली अन् खुर्ची मांगं सरकवली. "दाब बाई, तूच दाब." तुनं बोट लुगड्याले पुसलं, तरी काळंच. दाबलं.

एकच ओळ आली काचेवर. तुनं आकडा वाचला, "शून्य शून्य नऊ." मंग दिवसाचा आकडा वाचला, दोनदा वाचला. दिवस पूरे भरले होते, तू पक्की. बाबू नाव वाचाले तोंड उघडून रायला होता, मीनं त्याले थांबवलं. आठ दिवस आधी मीनं त्याच्याकून तुया नावाचे इंग्रजी अक्षर लिहून घेतले होते, अन् चुलीपुढच्या राखेत काढून काढून बसवले होते. त्या भाषेतलं तेवढं एकच नाव मले येते, आजबी. मीनं काचेवर बोट ठेवून वाचलं. भागरता.

"हाव," तू म्हनली. हळूच. अन् मंग मले चिमटा काढला, "बाई इंग्रजी शिकली अन् सांगतलं बी नाई!"

खिडकीत तू बसली ते थेट रिटायर होईपर्यंत. तुया तारेवून एकबी मानूस गळला नाई. गेला तो आला, अन् नाई आला तं तू त्याले आनवलाच.

परवा दवाखान्यात मी तुयापाशी बसली होती. तू बोलत नोहती. पन चादरीच्या दोन्ही काठावर तुयी दोन बोटं सरकून रायली होती, डावं अन् उजवं, बराबरीनं. नर्स म्हने, वातात आहेत. मीनं म्हनलं, नाई बाई, काम चालू आहे तिचं. थांबली तेवा दोन्ही एकाच जागी थांबली.

आता उद्याचं सांगते. मुकादम गेला, बाबू गेला, माया मालक गेला. आमचे हजेरीपट कवाचेच बांधून ठेवले. आता सांगतलं तं कोनाचंच नाव कटत नाई. तू चूप बसाले लावलं तेवढी वर्सं बसली, आता तुयं आयकनार नाई. उद्या विहारात उभी होईन अन् साऱ्यायसमोर ते अकरा दिवस वापस तुया नावावर मांडीन. प्रकाशले समजू दे. माया पोरीयले समजू दे का त्यायच्या लगनात बाप कसा बसला होता.

मंग मी नंबर घेईन. आकडे वाचनं तुयं काम होतं, पन आता दोन्ही कामं मायावरच आली. जेवढ्या रायल्या आहेत तेवढ्या बाया येनार आहेत, सुभद्रा काठी टेकत येते म्हनली. मी म्हनीन, शून्य शून्य नऊ. मीच म्हनीन, भागरता. अन् पाहजो, बगळे परत उडतीन.